कोर्टबांधे

फेब्रुवारी लागला की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांतून कोर्टबांधे दिसू लागतात. एरवी हे लोक विमा विकतात, दात काढतात, नाहीतर हायस्कुलात बीजगणित शिकवतात. पण फेब्रुवारीत चर्चमध्ये यंदाच्या मिशन ट्रिपची घोषणा होते आणि त्यांच्या अंगात एकदम वाळू, खडी, सिमेंट संचारतं. आठ दिवसांसाठी परदेशातल्या एखाद्या गरीब गावी जायचं, तिथल्या पोरांसाठी बास्केटबॉलचं कोर्ट बांधायचं, येशूची गोष्ट सांगायची आणि परत यायचं. यांची खरी नावं चारचौघांसारखीच असतात. मी मात्र सगळ्यांना मिळून एकच आडनाव देऊन टाकलं आहे.

टेनेसी, जॉर्जिया, टेक्सास या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, कोर्टबांध्यांसारखा शेजारी नाही. तुमच्या सामानाचा ट्रक आला की ते न बोलावता सोफ्याचं दुसरं टोक धरतात. वादळात झाड आडवं झालं की तुम्ही विम्याची पॉलिसी शोधेपर्यंत हे करवत घेऊन हजर. रिकामा हात त्यांना सोसवत नाही. रविवारी प्रार्थनेला डोळे मिटलेले असतानासुद्धा त्यांचं अर्धं लक्ष डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाकडे असतं. देवावर त्यांची श्रद्धा आहेच. त्याखालोखाल आहे ती काँक्रीटवर.

घोषणेपाठोपाठ पत्र येतं. पहिल्या परिच्छेदात देवाने त्यांच्या मनात ग्वाटेमाला कसं घातलं ते असतं, दुसऱ्यात तिथल्या मुलांना खेळायला जागा नसल्याचं, तिसऱ्यात रक्कम. शेवटी, पैसे देणं जमत नसेल तर निदान प्रार्थना करा, अशी विनंती. सोबत पत्ता छापलेलं, तिकीट लावलेलं पाकीट असतं आणि देणगी करमुक्त असल्याची तळटीप. प्रार्थनेसाठी वेगळं पाकीट नसतं.

पत्राने भागलं नाही तर चर्चच्या वाहनतळावर पोरंपोरी गाड्या धुतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर स्पॅगेटीचं जेवण. दहा डॉलर द्या, कागदी ताटलीत हवी तेवढी स्पॅगेटी घ्या. ग्वाटेमालातल्या क्रीडाविकासाला माझा जो काही हातभार लागला आहे, तो या मार्गाने. कोर्टबांधे स्वतः ॲप्रन बांधून वाढत असतात. वाढता वाढता ते कोर्टाची लांबी-रुंदी सांगतात आणि लांबी सांगताना सॉसचा डाव तुमच्या खांद्यावरून फिरतो.

टीम चौदा-पंधरा जणांची. अर्ध्याहून जास्त पोरं सोळा-सतरा वर्षांची, एक नर्स, एक गिटारवाला, दोन-तीन जोडपी. सगळं आयुष्य खरोखर बांधकामात घालवलेला असा एकच निवृत्त गृहस्थ असतो आणि गुडघ्यांमुळे त्याच्याकडे फोटो काढण्याचं काम दिलेलं असतं. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, डोळ्यांत खुपेल अशा. पुढे चर्चचं नाव, मागे बायबलातल्या अध्यायाचा आकडा. बॅगांमध्ये कोरे करकरीत हातमोजे, पोटाच्या गोळ्या, शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या, हात निर्जंतुक करायच्या बाटल्या आणि हवा काढून घड्या घातलेले तीस-चाळीस बास्केटबॉल. हवा भरायचा पंप घरी राहतो. हे दरवर्षी होतं.

ग्वाटेमालात उतरल्यावर त्यांना न्यायला बस येते आणि तिथे पोरांना पहिला धक्का बसतो. अमेरिकेतल्या शाळांच्या पिवळ्या बस म्हाताऱ्या झाल्या की लिलावात निघतात, मेक्सिको ओलांडून ग्वाटेमालात येतात आणि लाल-निळा रंग, चकचकीत पत्रा आणि कपाळावर एखाद्या संताचं नाव घेऊन नव्याने संसाराला लागतात. आतली बाकं तीच. एखाद्या बसवर जुन्या शाळेचं नाव अजून पुसट वाचता येतं. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी आलेला पोरगा पाचवीपर्यंत ज्या बाकावर बसून घरी गेला, बहुधा त्याच्याच भावंडावर बसून डोंगर चढतो. कोर्टबांध्यांना यात देवाची योजना दिसते. ड्रायव्हरला डिझेलचा खर्च दिसतो.

गाव चिमाल्तेनांगोच्या बाजूला, डोंगरात. कोर्टबांधे शुभवार्ता घेऊन आलेले असतात आणि गावात शिरताच कर्ण्यावरून प्रवचन ऐकू येतं. थोडं पुढे दुसरा कर्णा, दुसरं प्रवचन. प्यू या संस्थेच्या २०१४ च्या पाहणीनुसार ग्वाटेमालात शंभरातले ४१ जण प्रोटेस्टंट होते. त्याच वर्षी खुद्द अमेरिकेत हा आकडा सुमारे ४७ होता. म्हणजे शुभवार्ता पोचायची राहिलेली माणसं दोन्हीकडे जवळपास सारखीच, आणि टेनेसीतली जवळ पडली असती. पण टेनेसीत चादर पांघरून येशूच्या गोष्टीचं मूकनाट्य केलं तर लोक पोलिसांना बोलावतात. इथे ते टाळ्या वाजवतात.

भाषेची तयारी विमानात झालेली असते. नमस्कार, आभार, स्वच्छतागृह कुठे आहे, येशूचं तुमच्यावर प्रेम आहे, एवढं स्पॅनिश पोरांना पाठ असतं. ते सगळं एका दमात ऐकून घेऊन ओट्यावरच्या आजीबाई शेजारणीला काहीतरी विचारतात, ते काक्चिकेलमध्ये. ही माया लोकांची भाषा आहे आणि घरात तीच चालते. याच मुलखात १९१७ मध्ये विल्यम कॅमेरॉन टाउनसेंड नावाचा अमेरिकन तरुण स्पॅनिश बायबलं विकायला आला होता. ज्यांना बायबल विकायचं त्यांना स्पॅनिश येतच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तो तिथेच राहिला, काक्चिकेल शिकला आणि वर्षानुवर्षं खपून त्याने त्या भाषेत नवा करार उतरवला. कोर्टबांध्यांना टाउनसेंडबद्दल अपार आदर आहे. पण त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या शनिवारचं असतं.

आता काम. बास्केटबॉलचं पूर्ण मापाचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. दहा सेंटिमीटरचा थर धरला तर ४२ घनमीटर काँक्रीट, वजन शंभर टनांच्या घरात. घमेल्याला दहा लिटर माल धरा, ४,२०० घमेली झाली. हा हिशेब गावातल्या गवंड्याने केलेला असतो. त्याला सगळे माएस्त्रो म्हणतात. डोंगरउतारावर एवढी सपाटी काढायला दरड कापावी लागते, खाली दगडी भिंत घालावी लागते, भराव ठोकून घ्यावा लागतो. टीम यायच्या आधी दीड महिना माएस्त्रो आणि त्याची माणसं हे उरकत असतात. खडी पसरून, फळ्या ठोकून, जाळी अंथरून, पाहुण्यांसाठी फक्त ओतायचं काम ताटात वाढून ठेवावं तसं ठेवलेलं असतं.

ओतायचं, पण जूनमध्ये. ग्वाटेमालाचा पावसाळा मे ते ऑक्टोबर, म्हणून माएस्त्रो आपल्या मर्जीने काँक्रीटला हात घालतो तो कोरड्या महिन्यांत. पण कोर्टबांध्यांबरोबर शाळेची पोरं येणार आणि अमेरिकेतल्या शाळांना सुटी जूनमध्ये. सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोनला ढग, तीनला धो धो. म्हणजे काय ते बारापर्यंत उरकायला हवं. त्यात सकाळी सामुदायिक प्रार्थना, मग मनन, मग सनस्क्रीन, मग सगळ्यांचा फोटो, मग गिटारवाल्याचं एक गाणं. हातात फावडं येईस्तोवर दहा वाजतात. माएस्त्रो पहाटे पाचपासून मिक्सरपाशी उभा राहून ढगांचा अंदाज घेत असतो.

मग मात्र कोर्टबांधे तुटून पडतात. अर्ध्या तासात टी-शर्ट भिजतो, हातमोजे फाटतात, मानेवर लाली चढते. एकचाकी गाडी फळीवरून नेताना एखादी पोरगी माल फळीबाहेर उलटते, सगळे टाळ्या वाजवतात. कोर्टबांधे पट्टी मारायला घेतात आणि कोर्टाच्या मधोमध एक सुबक खळगा तयार होतो. माएस्त्रो म्हणतो, ‘मुई बिएन!’, म्हणजे फार छान. त्याच्या सगळ्या शब्दसंग्रहातले हे दोनच शब्द पाहुण्यांना कळतात, त्यामुळे तो आठही दिवस तेवढेच वापरतो. पाहुणे जेवायला गेले की तो आणि त्याची माणसं खळगा भरतात, पुन्हा पट्टी मारतात, पाणसळ लावून बघतात, रंधा फिरवतात. पाहुणे जेवून येतात आणि सकाळी आपण केलेलं काम इतकं सफाईदार झालेलं पाहून भारावतात.

सकाळच्या मननाला हमखास नहेम्याचं पुस्तक असतं. नहेम्याने यरुशलेमचा पडलेला तट ५२ दिवसांत उभा केला, त्या कथेवर कोर्टबांध्यांचं फार प्रेम. ‘आपण सगळे नहेम्याची माणसं!’ असं ते दुभाष्याकरवी माएस्त्रोला सांगतात. माएस्त्रोही प्रोटेस्टंट, त्याला ते पुस्तक जवळजवळ पाठ. तो म्हणतो, ‘हो, आणि तिथं पुष्कळ जणांनी आपापल्या घरासमोरचा तट बांधला, नाही का?’ दुभाष्या समंजस असतो. तो भाषांतर करतो, ‘माएस्त्रोही आमेन म्हणताहेत.’

कोर्टबांध्यांच्या घरासमोरचं बांधकाम म्हणजे त्यांचा ड्राइव्ह-वे. तो गेल्या वर्षी नवा झाला, पण त्यांनी ओतला नाही, ठेकेदाराला दिला. ठेकेदाराची चार माणसं पहाटे आली, दुपारी काम संपवून गेली. आपसात ती काय बोलत होती ते आळीत कुणालाच कळलं नाही, कारण ते स्पॅनिशसुद्धा नव्हतं. ग्वाटेमालाचे कितीतरी तरुण अमेरिकेत अशाच कामांवर आहेत. परदेशी गेलेल्या माणसांनी २०२३ मध्ये घरी पाठवलेली रक्कम सुमारे १९.८ अब्ज डॉलर होती, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. माएस्त्रोचा पुतण्याही तिकडेच काँक्रीट ओततो. कोर्टबांधे पदरचे पैसे भरून माल कालवायला दक्षिणेला येतात, तेव्हा विमानतळावर त्यांना व्हिसाशिवाय ९० दिवसांचा शिक्का हसतमुखाने मिळतो. पुतण्या तोच माल कालवायला उत्तरेला गेला, तेव्हा त्याने दलालाला पैसे मोजले आणि वाळवंट पायी तुडवलं. वाटेत दोघं भेटले असते तर कामाबद्दल पुष्कळ बोलले असते.

शेवटच्या संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम. गावातली पोरं तोवर प्रत्येक पाहुण्याच्या खांद्यावर बसून झालेली असतात. सगळे रडतात. कोर्टबांधे सर्वांत जास्त रडतात, आणि यात खोटं काही नाही. दुसऱ्या दिवशी अँटिग्वा शहरात विणकामाची खरेदी, वेळ उरला तर पकाया ज्वालामुखीच्या उबेवर मार्शमॅलो भाजणं, मग विमान. इकडे काँक्रीट अजून ओलंच असतं. त्याची पुरती ताकद २८ दिवसांनी धरतात आणि पहिला आठवडा तरी त्याला सतत पाणी मारावं लागतं. ते काम माएस्त्रोची बायको आणि शाळेतली मुलं करतात. त्याचे फोटो कुठेच नाहीत.

परत आल्यावर रविवारी चर्चमध्ये पडद्यावर चित्रं दाखवत कोर्टबांधे हटकून एक वाक्य बोलतात : ‘त्यांच्याजवळ काही नाही, तरी ती माणसं किती आनंदी आहेत!’ पुढचे दोन आठवडे ते घरातली जास्तीची अडगळ काढायच्या गोष्टी करतात. तिसऱ्या आठवड्यात ती ठेवायला परसात लाकडी शेड मागवतात.

या प्रकाराचा हिशेब मांडणारेही झाले. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये अशा पाहुण्या टीमनी घरं बांधली, त्याचा अभ्यास कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने केला. प्रवासखर्च धरून पाहुण्यांनी बांधलेलं घर सुमारे ३०,००० डॉलरला पडलं. तसंच घर स्थानिक संस्थांनी सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधलं. राहणाऱ्यांच्या आयुष्यात दोन्ही घरांनी सारखाच फरक पाडला आणि पाहुण्यांच्या आयुष्यात म्हणावा तसा टिकाऊ फरक पडला नाही. त्याआधी १९६८ मध्ये इव्हान इलिच या धर्मगुरूने मेक्सिकोला जाणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या तोंडावर सांगितलं होतं, की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. मी एकदा हे सगळं कोर्टबांध्यांच्या कानावर घातलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मी इथंच बसून म्हटलं असतं, की डोंगरातल्या एका अनोळखी गवंड्याला पैसे पाठवा, तर तू किती दिले असतेस?’ समोर स्पॅगेटीची ताटली असताना या प्रश्नाला उत्तर सुचत नाही.

आणि कोर्ट वाया जात नाही, हेही खरंच. फक्त जूनमध्ये येऊन जूनमध्ये जाणाऱ्याला डिसेंबर दिसत नाही. डोंगरातल्या गावात सगळ्यांत दुर्मीळ वस्तू म्हणजे सपाट, कोरडी, टणक जागा. पावसाळा सरला की कोर्टाचं खळं होतं. या रिंगखाली मक्याची कणसं, त्या रिंगखाली कॉफीच्या बिया, मधल्या वर्तुळात घेवडा. शनिवारी लग्न असलं की धान्य गोळा करून मारिंबा वाजते आणि मांडवाची दोरी रिंगला बांधली जाते. लसीकरण तिथेच, उमेदवाराची सभा तिथेच. एवढं सगळं करून उरलेल्या वेळात पोरं खेळतात, ती फुटबॉल. कोर्टबांध्यांनी खेळ दिला, गावाने जमीन घेतली. देणारा खूश, घेणारा खूश, आणि दोघांच्याही समाधानाला तेवढा गैरसमज आवश्यक असावा.

तसं चर्च आणि कोर्ट यांचं नातं जुनंच. बास्केटबॉल १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जन्मला. तो काढणारे जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले होते. आणि अमेरिकेतून येऊन वस्तीत रुतून बसलेली माणसं आपणही पाहिली आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं. १९३६ मध्ये तिथेच समाजकार्याची जी शाळा सुरू झाली, तिची पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. नागपाडा म्हटलं की मुंबईकराला आजही बास्केटबॉल आठवतो. पण मॅनशार्ट दीड दशक राहिले. तेवढ्या मुदतीत काँक्रीट तर वाळतंच, शिवाय पाणी कुठे तुंबतं तेही कळतं.

पाणी तुंबतं, हा गावाचा नवा प्रश्न आहे. माएस्त्रोने कोर्टाला उतार अगदी नेमका दिला, त्यामुळे पावसाचं सगळं पाणी एका कडेला जमून खालच्या घरांत शिरतं. कोर्टबांध्यांचा निरोप येतो, ‘पुढच्या वर्षी गावाला काय हवं?’ विकास समितीची बैठक बसते. गटार हवं, यावर एकमत होतं. पाळक मान हलवतात : ‘गटार म्हणून लिहिलं तर एक माणूस यायचा नाही. टी-शर्टावर काय छापतील ते?’ बराच खल होतो. कुणी म्हणतं, चर्चच्या भिंतीला रंग मागू, रंगकाम त्यांना जमतं. पण भिंत मागच्या दोन टीमनी दोनदा रंगवलेली असते आणि रंगाने पाणी अडत नाही.

शेवटी माएस्त्रो तोंड उघडतो : ‘लिहा, मुलांचं क्रीडांगण, टप्पा दुसरा. आणि फोटोत मुलं पुढं उभी करा, चर मागं दिसला तरी चालेल.’